वाटेवरचा सोबती आणि वारीचा नेम

वारीच्या वाटेवर शेजारचा माणूस पडला तर थांबावे की चालावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कोणीही झटकन म्हणेल, त्यात विचारायचे काय, थांबावेच. पण हे उत्तर बहुधा घरच्या ओटीवर बसून दिलेले असते. ज्याच्या गळ्यात माळ आहे, ज्याच्या आजाने आणि बापाने एक आषाढी चुकविली नाही, ज्याची पेरणी अर्धी टाकून पावले वाटेला लागली आहेत, आणि ज्याच्या डोळ्यांदेखत पालखीचा रथ पुढे निघून चालला आहे, त्याला हे उत्तर इतके स्वस्त पडत नाही. त्याचे काहीतरी खरोखरच जात असते.

परभणीकडच्या एका गावी सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर एक बाई पुढे आल्या. पायां पडल्या आणि म्हणाल्या, "महाराज, माझ्या लेकानं वारी मोडली का हो?" हकीकत अशी. मुलगा दिंडीबरोबर चालत होता. माळशिरस सोडल्यावर वाटेत एक वयस्कर गृहस्थ खाली बसले ते उठेनात. ना नात्याचे, ना गावचे, ना त्याच्या दिंडीचे. हा थांबला. त्यांना अकलूजला दवाखान्यात नेले. गृहस्थांचा मुलगा सुरतेला नोकरीस. तो येईपर्यंत याने उशाशी बसावे असे ठरले. त्याला यायला उशीर झाला आणि याची एकादशी दवाखान्याच्या व्हरांड्यात गेली. द्वादशीला हा पंढरपुरास पोचला, कळसाला हात जोडले आणि घरी आला. गावात चर्चा सुरू झाली की, तीन पिढ्यांची वारी या पोराने खंडली. त्या माउलीला त्या रात्री आम्ही थोडक्यात जे सांगितले, तेच येथे विस्ताराने मांडतो. कारण हा प्रश्न एकट्या तिचा नाही.

प्रथम गावकऱ्यांची बाजू नीट ऐकली पाहिजे. नेमाला हसणारे लोक अलीकडे पुष्कळ झाले आहेत. देव सगळीकडेच आहे, मग त्याच तिथीला तेथेच कशाला, असे ते विचारतात. त्यांच्या बोलण्यात आम्ही येणार नाही. नेम ही वारकऱ्याची कंबर आहे. ज्येष्ठात शेतकऱ्याला घराबाहेर न पडण्याची शंभर कारणे असतात, आणि त्यांतली नव्वद खरी असतात. एकदा कारण ऐकून घ्यायला लागले की दुसऱ्या वर्षी ते मोठे होते आणि तिसऱ्या वर्षी माळ खुंटीला जाते. तेव्हा 'वारी चुकवू नये' हे म्हणणारे गावकरी काही दगडाच्या काळजाचे नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्या दोरीला धरून चालले, ती तुटेल की काय अशी त्यांना धास्ती आहे.

पण नेम कोठे लागतो आणि कोठे लागतच नाही, हेही पाहिले पाहिजे. पाठशाळेत व्याकरण शिकताना गुरुजी आम्हाला उत्सर्ग आणि अपवाद समजावून देत. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम. अपवाद म्हणजे विशिष्ट जागेपुरता सांगितलेला नियम. यासाठी शास्त्रात तक्रकौंडिण्याचा न्याय आहे. यजमानाने सांगितले, ब्राह्मणांना दही वाढा, कौंडिण्याला ताक वाढा. आता कौंडिण्य हाही ब्राह्मणच. तरी वाढप्याने त्याच्या पानात ताक वाढले, तर त्याने पहिली आज्ञा मोडली असे कोणी म्हणत नाही. पहिली आज्ञा त्या पानापुरती नव्हतीच मुळी. तसे हे आहे. 'आषाढीला पंढरपुरास पोचावे' हा उत्सर्ग. 'तुझ्यासमोर माणूस पडला आहे आणि त्याला दुसरे कोणी नाही' ही कौंडिण्याची जागा. त्या मुलाने नेम मोडला नाही. नेमाने त्या जागेवर हक्कच सांगितलेला नव्हता.

येथे कोणी बहुश्रुत वाचक आम्हाला अडवील. तो म्हणेल, महाराज, व्याकरण राहू द्या. धर्मराजाने काय केले ते सांगा. प्रश्न रास्त आहे. महाभारताचे सतरावे पर्व महाप्रस्थानिक. पाच पांडव आणि द्रौपदी सर्व सोडून उत्तरेला चालू लागतात. मागून एक कुत्रा येतो. वाटेत द्रौपदी पडते. मग सहदेव, मग नकुळ, मग अर्जुन, आणि शेवटी भीम. प्रत्येक वेळी भीम विचारतो की, हे का पडले? धर्मराज प्रत्येकाचा एकेक दोष सांगतो आणि मागे न पाहता चालत राहतो. भीम पडतो तेव्हा त्यालाही त्याचा दोष ऐकवतो आणि पुढे जातो. ही कथा लावताना आजही आमचा आवाज जड होतो. जन्मभर ज्यांनी साथ दिली, ते पडले आणि हा वळूनही पाहात नाही! मग वारकऱ्याने तरी का थांबावे?

याचे एक उत्तर सरळ आहे. ते महाप्रस्थान होते. देह ठेवण्याच्या निश्चयानेच सगळे निघाले होते, परत यायचे कोणालाच नव्हते. आपली वारी तशी नाही. वारकरी घरून निघतो आणि घरी परत येतो. येणे आणि जाणे दोन्ही मिळूनच वारी होते. ज्याच्या घरी माणसे वाट पाहात आहेत त्याला महाप्रस्थानाचा नियम लावणे, हा न्याय नव्हे.

पण आम्हाला या उत्तराने पुरते समाधान होत नाही, कारण व्यासांनी कथा तेथे संपविलेली नाही. पुढे इंद्र रथ घेऊन येतो. धर्मराज आधी भावांविषयी आणि द्रौपदीविषयी विचारतो. ते पुढे गेले आहेत असे कळल्यावर मग कुत्र्याची गोष्ट निघते. इंद्र म्हणतो, हा येथेच सोड. धर्मराज म्हणतो, माझ्या आश्रयाने आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको. ज्याचा काही हक्क नाही, ज्याचे नाव नाही, ज्याने कधी एक उपकार केला नाही, अशा मुक्या सोबत्यासाठी तो दारात आलेला रथ अडवून धरतो. आणि अठराव्या पर्वात त्याहून पुढची गोष्ट आहे. भावांना पाहायला म्हणून त्याला नरकाच्या वाटेने नेतात. दुर्गंधीने त्रासून तो माघारी वळतो, तोच अंधारातून आवाज येतात की, क्षणभर थांब, तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने आम्हाला बरे वाटते. तुम्ही कोण, असे तो विचारतो. एकेक नाव ऐकू येते. मग तो दूताला सांगतो की, तू जा, मी येथेच राहणार. वाटेवर ज्याने मान वळविली नाही, तो तेथे वळला आणि थांबला. त्या दोन प्रसंगांची ही सांगड आमची आहे, टीकाकारांच्या माथी आम्ही ती मारीत नाही. पण आम्हाला कथा अशीच दिसते. आणि लक्षात घ्या, तेथे धर्मराजाने काय केले? औषध दिले नाही, सुटका केली नाही. नुसता जवळ उभा राहिला, आणि तेवढ्याने त्यांना बरे वाटले.

शिवाय आपल्याला इतके लांब जाण्याचे कारण तरी काय? आपण ज्याला भेटायला चाललो तो विटेवर उभा का आहे? पुंडलीक आईबापांच्या सेवेत होता. देव दारी आला तर त्याने वीट फेकली आणि थांब म्हणून सांगितले. देव थांबला. सेवेसाठी ज्याला थांबवले त्याचेच आपण दर्शन घेतो. मग सेवेसाठी आपण थांबलो तर तो रागावेल, ही शंका पंढरीच्या माणसाला शोभते का? आणि नाथमहाराजांनी रामेश्वराला नेत असलेले गंगोदक वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा तर आपण सगळेच सांगतो. ती सांगताना आम्ही श्रोत्यांना हमखास एक विचारतो: बरोबरच्या यात्रेकरूंच्याही खांद्यावर कावडी होत्या ना? त्या भरलेल्याच राहिल्या. श्रोते हसतात, आणि मग गप्प होतात.

आता दुसरा पक्ष घेऊ. तो अधिक घातक आहे, कारण तो भक्तीच्या भाषेत बोलतो. वाटेत कोणी वारला की लोक म्हणतात, भाग्यवान हो, वाटेवर देह पडला, सोने झाले. मरणाऱ्याने स्वतःपुरते असे म्हटले तर आम्ही त्याच्या पायां पडू. त्याच्या घरच्यांनी दुःख गिळण्यासाठी म्हटले तर तेही समजू शकतो. परंतु हातात पाण्याचा तांब्या असलेल्या माणसाने, समोरच्याची छाती अजून हालत असताना, हे मनात आणले तर ते पाप आहे. प्रारब्धाचा सिद्धांत स्वतःच्या दुःखाला सोसण्यासाठी सांगितला आहे. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ फिरवण्यासाठी नव्हे. त्याचे प्रारब्ध तू कोठे वाचलेस? कदाचित त्याच्या प्रारब्धात तूच लिहिलेला असशील.

तिसरा पक्ष असा की, मुखात नाम आहे, लक्ष टाळाकडे आहे. शेजाऱ्याकडे पाहात बसलो तर चित्त फुटेल. याला उत्तर दिंडीतच आहे. विणेकऱ्याच्या गळ्यातला वीणा खाली ठेवीत नाहीत. तो थकला की दुसरा पुढे होतो आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जातो. विणेकरी थकला हे दुसऱ्याला कसे कळले? भजन चालू असताना त्याने पाहिले म्हणूनच ना? तेव्हा भजन आणि नजर ही एकत्र राहू शकतात. दिंडीत ती आजवर राहात आलेली आहेत.

आणि 'माउली' या शब्दाचे काय? वारीत जो तो एकमेकांना माउली म्हणतो. आम्हाला वाटते, हा शब्द ज्याला म्हणतो त्याची केवळ स्तुती नव्हे. जो म्हणतो त्याच्यावर तो एक जबाबदारी टाकतो. आईला ताप आला आहे हे पोराला तिच्या चालण्यावरून कळते. ज्याला मी दिवसभर माउली म्हणतो, तो सकाळपासून जेवला नाही हे जर मला माहीतही नसेल, तर माझ्या तोंडचा शब्द नुसती रहदारीतली हाक झाली, 'सरका' म्हणण्याऐवजी वापरलेली. अलीकडे दिवे घाटात एका दिवसापुरते येणारे हौशी लोक तो शब्द तसाच वापरतात. त्यांचे राहू द्या.

खरी अडचण ज्याला मदत करायची त्याच्याचकडून येते. आजारी वारकरी आपला आजार लपवितो. आमच्या दिंडीत एक म्हाताऱ्या बाई होत्या. पुणे ते सासवड ही मजल वाटेतली सर्वांत मोठी, तीस किलोमीटरांहून अधिक, आणि मध्ये दिवे घाटाचा चढ. त्या दिवशी त्यांच्या छातीत दुखत होते आणि त्यांनी कोणास कळू दिले नाही. का? तर सांगितले की सामानाच्या ट्रकात बसवतील, आणि मग घरी पाठवतील. पंढरी हुकेल. त्यांना बोलते कसे केले ते ऐका. आमच्या दिंडीतल्या एका सूनबाईंनी पाहिले की, आजी दर फर्लांगाला तुळशीची कुंडी सावरण्याच्या निमित्ताने थांबतात. तिने चारचौघांत काही विचारले नाही. ती आपली शेजारून चालू लागली. घरची विचारपूस झाली, सुनांची झाली, सकाळी काय खाल्ले ते झाले, आणि मग हळूच, "आजी, कुंडी मी घेऊ का थोडा वेळ?" म्हाताऱ्या बाईंनी कुंडी दिली आणि डोळ्यांत पाणी आले. मग सगळे निघाले. डॉक्टरांनी पाहिले, दोन दिवस विश्रांती झाली, आणि पुढची वारी त्यांनी निम्मी चालत, निम्मी ट्रकात बसून केली. एकादशीला त्या पंढरपुरात होत्या.

या गोष्टीत पुष्कळ शिकण्यासारखे आहे. 'तुम्हाला काही होतंय का?' असे मोठ्याने विचारले तर वारकरी 'काही नाही माउली' असेच म्हणणार. त्याची भीती काढली तर तो बोलेल. म्हणून फडकऱ्यांना आमची विनंती आहे की, गाडीत बसणाऱ्याला कमी लेखू नये. ट्रकातून गेला तो वारकरी नव्हे, अशी थट्टा तळावर चालते ती बंद झाली पाहिजे. असल्या थट्टेपायी माणूस जिवाला मुकतो.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट, लाज बाजूला ठेवून लिहितो. पुष्कळ बायका वाटेत पाणीच पीत नाहीत. तहान नसते असे नाही. आडोसा नसतो. तळांवर आता फिरती शौचालये असतात, पण दोन तळांमधल्या वाटेवर काय? पाऊस ओढला आणि डांबर तापले की मग त्या घेरी येऊन पडतात आणि आपण उपासाला दोष देतो. ज्या दिंडीने दर विसाव्याला चार बायांना कापड धरून उभे केले, तिने अन्नदानाएवढेच पुण्य जोडले.

थोडे व्यवहाराचे. उन्हात चालणारा एकाएकी भलतेच बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग चटके बसावे तसे तापले, तर तो थकलेला नाही, त्याला ऊन लागले आहे. सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी घालून वारा घालावा, आणि १०८ ला फोन करावा. मधुमेहाचा माणूस थरथरू लागला, घामाघूम झाला, विनाकारण चिडला, तर शुद्धीत असेपर्यंत त्याला साखर वा गूळ द्यावा. शुद्ध गेली असेल तर तोंडात तीर्थाचा थेंबही घालू नये, श्वासात जातो. छातीत दुखणाऱ्याला 'थोडंच राहिलं' म्हणून चालवू नये. आणि थांबायचे ते एकाने, फार तर दोघांनी. एकाने जवळ बसावे, एकाने पुढे निरोप न्यावा. बाकीच्यांनी चालत राहावे. वीस जणांनी कोंडाळे करून वारा अडवण्यात, किंवा मोबाइल काढून चित्रे घेण्यात, कसली आली सेवा? आजारी माणूस योग्य हाती सोपवला आणि त्याचे माणूस आले की थांबलेल्याने पुन्हा वाट धरावी. सेवेच्या नावाने वारी टाळणे हीही एक पळवाट आहे, आणि ती आम्ही ओळखतो. अपवादाने उत्सर्गच गिळला तर दोन्ही गेले.

दिंडीचे शेपूट सांभाळणे हाही याचाच भाग. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी, कार्तिकीला पायी चाललेल्या दिंडीत सांगोल्याजवळ दिवेलागणीच्या सुमारास मागून मोटार घुसली आणि सात वारकरी गेले. मोटारीपुढे आपले काही चालत नाही हे खरे. तरी अंधार पडू लागला की शेवटच्या ओळीत कोण आहे, त्याच्या हातात दिवा आहे का, हे दिंडीच्या मालकाला ठाऊक असावे. बहुधा तेथे सर्वांत म्हातारे आणि सर्वांत थकलेलेच असतात.

मोकळ्या वारकऱ्याचा प्रश्न याहून अवघड. दिंडीतला माणूस जेवायला आला नाही तर पंगतीत पान रिकामे दिसते. जो कोणत्याच दिंडीत नाही, पडशी खांद्याला लावून एकटा चालतो, त्याचे पान कोठेच मांडलेले नसते. तो झाडाखाली निजला की निजला. परभणीच्या त्या मुलाने ज्यांना उचलले ते असेच होते. रात्री तळावर समाजआरतीला दिंड्या जमतात, चोपदार दंड उंच करतात आणि तो एवढा थोरला समाज एका क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते, आणि चोपदार तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची पुकारही तेथे होते. केवढी सुंदर व्यवस्था आहे ही! पण मोकळ्या माणसासाठी टाळ वाजवणार कोण? आमचे मत असे की, ज्या दिंडीच्या दृष्टीला तो पडला, तो त्या दिवसापुरता त्या दिंडीचा. तिने त्याच्यासाठी टाळ वाजवावा.

वारी खंडण्याच्या भीतीविषयी एक राहिले. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी कोरोनाच्या साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.च्या बसमधून पंढरपुरास गेल्या आणि आपण सगळे घरी बसून राहिलो. सरकारचा हुकूम होता हे खरे; पण आम्ही पाहिलेले बहुतेक वारकरी नुसत्या हुकमाने बसले नव्हते. आपल्या पायांनी दुसऱ्याच्या घरी मरण जाऊ नये, हे त्यांना पटले होते. २०२२ साली पुन्हा पालख्या निघाल्या तेव्हा कोणी कोणाला विचारले का, तुझ्या घराण्याची वारी दोन वर्षे खंडली ना? लाखोंनी थांबून जी खंडली नाही, ती एका पोराच्या थांबण्याने कशी खंडेल? त्या बाईंना आम्ही हेच सांगितले. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "मग गावाला तुम्हीच सांगा." दुसऱ्या दिवशीच्या काल्याच्या कीर्तनात सांगितले.

आमच्या दिंडीत या वर्षी एक नवा क्रम सुरू करीत आहोत. प्रत्येकाच्या गळ्यात माळेबरोबर मेणकापडात शिवलेली चिठ्ठी असेल. तीवर नाव, गाव, घरच्यांचा फोन, आजार आणि चालू औषध. निरक्षर मंडळींच्या चिठ्ठ्या लिहून द्याव्या लागतील, आणि मोकळ्या वारकऱ्यांसाठी शंभर कोऱ्या बरोबर ठेवणार आहोत. काम ज्येष्ठाच्या शुद्ध पक्षातच उरकावयाचे आहे. ज्यांचे अक्षर सुवाच्य आहे त्यांनी आमच्या विणेकऱ्यांना भेटावे. शाई पावसात पसरणार नाही अशी आणावी.